‘समजलं नाही’ म्हणणारी अक्का

नितीनचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत होते. “कल्पनाताई, आई सारखं काहीतरी बोलतेय, पण आम्हाला कळत नाहीये. तू जरा येऊन जा.” नितीन माझ्या आत्याचा मुलगा. आत्याला आमच्या घरात लहानथोर सगळे अक्काच म्हणायचे. जळगावच्या एका दवाखान्यात तिला दाखल करून चार दिवस झाले होते. डावी बाजू गेली होती, वाचा शाबूत आहे असं सांगत होते. “डॉक्टर म्हणतात, वय झालंय, बोलणं विस्कळीत होणारच,” नितीन म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, “स्वातीला वाटतंय आई तिच्यावर नाराज आहे. सारखं ‘मन दुखतं, मन दुखतं’ म्हणते गं. दोन दिवस स्वाती नीट जेवली नाहीये.” स्वाती म्हणजे त्याची बायको, पुण्याकडची. सासूला आपण काय लागट बोललो हे आठवून आठवून ती बिचारी अर्धी झाली होती.

धुळ्याहून अडीच तासांची एसटी. मी खोलीच्या दारात पोचले तेव्हा अक्का डोळे मिटून पुटपुटत होती. तोंडात घास असल्यासारखं, पण मला लख्ख कळलं. “मनं डोकं दुखस वं... मनं डोकं...” मी तिथेच थबकले. “मन नाही गं स्वाती,” मी म्हटलं. “मनं. म्हणजे माझं. तिचं डोकं दुखतंय.” स्वाती आधी हसली आणि मग भिंतीला टेकून रडली, आणि नर्सला बोलवायला धावली. नितीनने विचारलं, “ही अहिराणी आहे? आईला कुठे येते अहिराणी?” मी म्हटलं, “मलाही तेच वाटत होतं.”

तेवढ्यात अक्काने डोळे उघडले. मला ओळखलं. “उनी का वं कल्पना? जेवन व्हयनं का?”

आता लिहायचं तर सरळच लिहिते. मला त्या क्षणी भरून वगैरे आलं नाही. मला राग आला. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या, मला दहावीपर्यंत सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा असा राग, की मी पिशवी खाली ठेवायचीसुद्धा विसरले. अक्का जाऊन आता पाच आठवडे झाले. लोक भेटतात, चांगलं चांगलं बोलतात, मीही मान डोलावते. पण तो राग अजून जागच्या जागी आहे, आणि तो का आहे हे सांगितल्याशिवाय मला अक्काबद्दल काहीच खरं लिहिता येणार नाही.

आमचं घर धुळ्याजवळ सोनगीरला, किल्ल्याच्या पायथ्याशी. दादा, म्हणजे माझे वडील, तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. दिवसभर ठोक्यांचा आवाज, त्यामुळे आमच्याकडे सगळेच मोठ्याने बोलत, आणि ती खोड माझी अजून गेलेली नाही. सातवीपर्यंत मी गावच्या शाळेत पहिली यायचे. मग दादांनी ठरवलं की पोरीला जळगावला अक्काकडे ठेवायचं. अक्का त्यांची थोरली बहीण, घराण्यातली पहिली शिकलेली बाई, प्राथमिक शाळेत शिक्षिका. पिंप्राळ्यात तिचं दोन खोल्यांचं घर होतं. तिचे यजमान रेल्वेत, भुसावळला जाऊन येऊन. नितीन तेव्हा चार वर्षांचा, नाक गळत फिरणारा. अक्काची साडी कायम इस्त्रीची, घड्याळ उजव्या मनगटात, आणि बोलणं असं की पाठ्यपुस्तक उघडून बोलतेय. मला ती फार आवडायची. तिच्यासारखं व्हायचं म्हणूनच मी पत्र्याची पेटी घेऊन हसत हसत एसटीत बसले होते.

शाळेच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, “कल्पना, वही कुठे आहे?” मी उभी राहिले आणि आमच्या घरच्या मोठ्या आवाजात सांगितलं, “घर शे, बाई.” क्षणभर कुणाला काही कळलं नाही आणि मग अख्खा वर्ग हसत सुटला. बाईंनीही ओठांवर पदर धरला, ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव ‘शेशे’. डबा खाताना शेशे, प्रार्थनेच्या रांगेत शेशे. फैजपूरकडची एक मुलगी सगळ्यांत मोठ्याने हसायची. तिच्या घरचं बोलणंही काही पुस्तकातलं नव्हतं, मी यायच्या आधी तिचीच थट्टा होत असणार. मी आल्यामुळे तिची सुटका झाली होती आणि ती टिकावी एवढीच तिची धडपड होती. हे सगळं शहाणपण आताचं. तेव्हा मला फक्त तिचे दात दिसायचे.

मी घरी येऊन अक्काला सगळं सांगितलं. वाटलं होतं, अक्का पदर खोचून शाळेत जाईल आणि एकेकीला फैलावर घेईल. तिने नितीनचं नाक पुसलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आजपासून या घरात ‘शे’ नाही. ‘आहे’ म्हणायचं.” बस, इतकंच.

आणि दुसऱ्या दिवसापासून अक्काला माझं बोलणं समजेनासं झालं. मी शाळेतून आले, दप्तर टाकलं, म्हटलं, “अक्का, भूक लागनी.” ती स्वयंपाकघरात हातात पळी घेऊन उभी. “समजलं नाही.” मला वाटलं ऐकू गेलं नसेल, मी आवाज चढवला. “समजलं नाही.” चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. भाजीवाल्याने परक्या भाषेत भाव सांगावा आणि आपण नुसतं उभं राहावं, तशी ती उभी. मग डोळ्यांत पाणी आणून मी म्हटलं, “भूक लागली.” लगेच पाट मांडला, ज्वारी-उडदाच्या कळणाच्या दोन भाकरी वाढल्या आणि तिसरी आग्रह करकरून खायला घातली. माठाजवळही तेच. पानी म्हटलं की समजलं नाही, पाणी म्हटलं की तांब्या भरून हातात. “ण म्हणताना जीभ वर टाळूला लाव. घाई करू नकोस, पाणी काही पळून जात नाही.” पाणी, लोणी, कोण, पण... पाढे म्हणावेत तसं मी माठासमोर उभं राहून म्हणत असे.

एकदा धीर करून विचारलं, “तुले खरंच नई येत का अक्का?” समजलं नाही. मग शुद्ध करून विचारलं, “तुला खरंच येत नाही का?” तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “विसरले. पंचवीस वर्षं झाली गाव सोडून. वापरलं नाही की जातं.” मी ते खरं मानलं. तेरा वर्षांच्या मुलीने बाईंचं खरं मानायचं नाही तर कुणाचं मानायचं?

अक्का दुष्ट असती तर बरं झालं असतं, सगळं सोपं गेलं असतं. पण रविवारी ती मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावायची आणि गुंता असा हळू सोडवायची की झोप लागायची. मला ताप आला तेव्हा ती तीन दिवस शाळेत गेली नाही. माझ्या प्रत्येक परीक्षेला फाटकापर्यंत सोडायला यायची. फक्त माझ्या बोलीत मी जे काही होते, ते तिला समजत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मला काहीतरी झालं. आता त्याला नाव आहे, पुरवण्यांमधून लेख येतात, आमच्या शाळेत वर्षातून एकदा समुपदेशक येऊन पडद्यावर चित्रं दाखवतात. तेव्हा काही नव्हतं. मला जेवण जाईना. सकाळी उठताना अंगावर कुणी बसल्यासारखं वाटायचं. मधल्या सुटीत मी मुतारीच्या मागे भिंतीला तोंड करून उभी राहायचे, रडायला नव्हे, नुसतीच. एका संध्याकाळी अक्का भरताची वांगी भाजत होती. घरभर धूर आणि तो गोड वास, सोनगीरसारखा. मी चुलीशी जाऊन बसले आणि माझ्याही नकळत बोलून गेले, “अक्का, माले काईज गोड लागत नई. मना जीव घुसमटस.”

तिचा हात वांग्याच्या सालीवर थांबला. चटका बसला असणार, पण तिने हात काढला नाही. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आणि म्हणाली, “समजलं नाही.”

आज हसू येईल कुणालाही. ‘मना’चं ‘माझा’ करायचं होतं आणि शेवटचा ‘स’ काढून ‘तो’ लावायचा होता, एवढंच तर अंतर. पण आधी व्याकरण सुधारून मग रडायचं, हे मला जमलं नाही. मी खूप प्रयत्न केला. तोंड उघडलं, मिटलं. शेवटी म्हटलं, “काही नाही.” दोन्ही शब्द शुद्ध. अक्काने मान हलवली आणि ताट वाढलं. मनातलं गिळून मी बोललेलं पहिलं बिनचूक वाक्य ते. पुढची तीस वर्षं मी ते कुणालाही, कधीही, न अडखळता म्हणत आले आहे.

पुढच्या रविवारी अक्का प्रशिक्षण आहे म्हणून धुळ्याला गेली. रविवारी कसलं प्रशिक्षण, असं तेव्हा मनात आलं होतं. परतली तेव्हा डोळे सुजलेले होते. म्हणाली, एसटीत धूळ फार होती.

त्यानंतर मी सुधारले. म्हणजे जेवू लागले आणि बोलायची बंद झाले, आणि जे बोलायचे ते इतकं स्वच्छ की नववीत मला वक्तृत्व स्पर्धेत पाठवलं. दहावीच्या स्नेहसंमेलनात पहिलं बक्षीस होतं. माय आणि दादा सोनगीरहून आले, मायने पदरात भुईमुगाच्या शेंगा बांधून आणलेल्या. मी बक्षीस घेऊन खाली उतरले तर माय मुख्याध्यापकांना सांगत होती, “मनी पोर शे ती. मनी पोर.” फैजपूरची ती मुलगी, आता माझी मैत्रीण झालेली, माझ्या कानाशी आली. “कोण गं त्या?” मी म्हटलं, “गावाकडच्या आहेत.” तीन हातांवर माय होती. तिने शेंगांची गाठ सोडायला घेतली होती, ती तशीच ठेवली.

त्या दिवसापासून माय माझ्याशी शुद्ध बोलते. “तू जेवलीस का? तब्येत बरी आहे ना?” जपून, एकेक शब्द तपासून, सरकारी माणसाशी बोलावं तसं. दादांशी, शेजारणीशी, म्हशीशीसुद्धा अहिराणीत. माझ्याशी नाही. मी ती शिक्षा समजून भोगली. आपणच केलं, आपणच भोगा.

पुढे मीही मास्तरीण झाले, धुळ्यात. माझ्या वर्गात साक्रीची, शिरपूरची, सोनगीरचीही मुलं येतात आणि माझ्या तोंडून इतकी वर्षं निघत आलं आहे, “शे नाही, आहे म्हण.” ते ‘समजलं नाही’ मी कधी म्हटलं नाही, एवढीच काय ती माझी पुण्याई. आता तर पालक माझ्याही पुढे गेले आहेत, घरात मराठीच नको म्हणतात. पोरं मोबाइलमध्ये बघून हसतात, कुणाच्या तरी बोलण्याची नक्कल करून एकमेकांना पाठवतात. आणि एखादी मुलगी गप्प गप्प दिसली, जवळ बोलावून विचारलं, तर खाली बघत सांगते, “काही नाही, मॅडम.” ते ऐकलं की माझ्या नाकात भाजलेल्या वांग्याचा वास येतो.

अक्काचा मी एका गोष्टीसाठी बचाव करत आले होते. मोठी झाल्यावर कळलं होतंच की शब्द तिला समजत असणार. पण वाटायचं, ती बोली तिच्या आतून खरंच पुसली गेली आहे. शब्दांचा अर्थ लागत असेल, पण त्यातलं दुखणं तिच्यापर्यंत पोचत नसेल, त्याला ती तरी काय करणार... आणि दवाखान्यातल्या त्या खाटेवर सगळं बाहेर आलं. विसरली वगैरे काही नव्हती. पुस्तकातली मराठी आधी गळून पडली आणि खाली अहिराणी होती, घट्ट, जिवंत, मायच्या इतकीच. “बठ्ठा कोठे गयात? आठे कोन शे?” सगळे कुठे गेले, इथे कोण आहे, असं विचारायची. मी तीन दिवस तिथे होते, नितीन-स्वातीला दुभाषी म्हणून. तिला जे समजत होतं ते, जे तिने माझ्यापासून लपवलं ते, आता मीच तिच्या मुलाला समजावून सांगत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघीच. अक्का म्हणाली, “पानी दे वं.” तांब्या माझ्या हाताशी होता. आणि मी... कोणत्या जन्मीचं बाहेर आलं कोण जाणे, पण मी म्हटलं, “समजलं नाही, अक्का.”

तिने माझ्याकडे बघितलं. अगदी भानावर येऊन बघितलं. ओठ दोनदा हलले, जीभ वर उचलायला तिला कष्ट पडत होते. “पा... णी,” ती म्हणाली. “पाणी दे.” बिनचूक ण. आणि ती माझी वाट बघत राहिली, मी तेव्हा पळीकडे बघत उभी राहायचे तशी. मी चमच्याने पाणी पाजलं. तिच्या हनुवटीवरून पाणी गळ्याशी गेलं, ते मी पदराने टिपलं. मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गेली.

हे मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. तेराव्याला मायला सांगितलं. पाहुणे पांगले होते, पिंप्राळ्याच्या त्याच स्वयंपाकघरात माय उरलेल्या माणसांसाठी भाकरी थापत होती. पासष्टी ओलांडली तरी तिची भाकरी अजून चंद्रासारखी गोल. मी अक्काच्याच पाटावर बसले होते. सगळं सांगितलं, पाण्याचंही, आणि शेवटी म्हटलं, “तिला सगळं येत होतं, माय. मी मरत होते इथे, आणि ती खोटं बोलली.”

मायचा हात थांबला नाही. “खोटं तिचं नव्हतं,” ती तिच्या जपून शुद्ध मराठीत म्हणाली, आणि मग थांबून, तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी आपलं बोलली. “मीच सांगेल व्हतं अक्काले. तिनासंगे आपलं बोलू नको. बोलशी ते ती परत येई जाई, आनि मनासारखी ऱ्हाई जाई.”

तिनेच अक्काला सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी मनासारखी, म्हणजे तिच्यासारखी, मायसारखी राहीन म्हणून. माय सांगत होती. अक्का नोकरीला लागली तेव्हा पालकांनी तक्रार केली होती, बाई गावंढळ बोलतात म्हणून. मायला धुळ्याच्या दवाखान्यात कुणीतरी बोलण्यावरून हसलं होतं, मी पोटात होते तेव्हा. दोघींनी मिळून ठरवलं होतं, हिला कुणी हसायला नको. आणि मग माय म्हणाली, “एक रविवारले ती सोनगीरले उनी. रडनी. म्हने, पोर म्हनस जीव घुसमटस, माले आते नई जमाव. मी म्हनं, अक्का, आते सोडू नको.”

धुळ्याचं प्रशिक्षण. एसटीतली धूळ. त्या हिवाळ्यात मी मुतारीच्या भिंतीमागे उभी राहून ज्या एका माणसाची वाट बघत होते, की ते येईल आणि मला घेऊन जाईल, ते माझी माय होती. आणि तिला ते कळलं होतं, आठवडाभरात कळलं होतं, आणि तिने नको म्हटलं होतं. अक्काने तर सोडवायचा प्रयत्न केला होता. तीस वर्षं मी चुकीच्या बाईवर रागावले, आणि बरोबर बाई समोर बसून भाकरी थापत होती. “मग माझ्याशी शुद्ध बोलायला लागलीस ते?” मी विचारलं. “मी त्या दिवशी गावाकडच्या म्हटलं म्हणून?” माय हसली. “ते चांगलंच व्हयनं व्हतं. माले वाटनं, जमनं आपलं.”

जमलं. खरंच जमलं होतं. मला नोकरी आहे, घर आहे, मला कुणी हसत नाही. या दोघींनी मिळून मला माझ्याच घरातून काढून दिलं, आणि तेही जिवापाड माया करून. आता भांडायचं तरी कुणाशी? माफ केलंस का, असं स्वातीने परवा फोनवर विचारलं. मी म्हटलं, “नाही.” ‘काही नाही’ नाही म्हटलं, नुसतं ‘नाही’ म्हटलं, तेवढा माझ्यात फरक पडला आहे.

पण त्या संध्याकाळचं एवढं सांगायचं राहिलं. मायने भाकरी तव्यावरून उतरवली, पळी हातात घेतली. मी ताटाकडे बघत बसले होते. आणि तेराव्या वर्षी जिथे अडकले होते तिथूनच, त्याच पाटावरून, मी म्हटलं, “माय, मना जीव घुसमटतो.”

तिने पळी भाजीत तशीच धरली. वाढलं नाही.

“घुसमटतो नई,” माय म्हणाली. “घुसमटस.”

मी जीभ सावरली. “मना जीव घुसमटस, माय.”

“समजनं,” ती म्हणाली, आणि वाढलं.